जुन्या इलेक्ट्रिक गिटारींपैकी कोणत्या पुन्हा निघाव्यात, आणि त्यांच्यातले नेमके काय?

रामबागकर, इंदूर

सप्रेम नमस्कार. इंदुरातील वाद्यवृंदांमध्ये मी गेली 26 वर्षे गिटार वाजवीत आलो आहे. अलीकडे कार्यक्रम कमी झाले आणि शिकवण्या वाढल्या. मागील महिन्यात एका विद्यार्थ्याच्या मामांनी त्याच्यासाठी परदेशातून, जुन्या घडणीची म्हणून विकली जाणारी एक नवी गिटार आणली. रंग मुद्दाम उडवलेला, कडा घासलेल्या, धातूच्या भागांवर डाग पाडलेले. पन्नास वर्षे कुणीतरी रात्री-अपरात्री वाजवली असावी असा सगळा थाट होता. तारा बदलताना मी वरची पट्टी उघडून पाहिली, तेव्हा आत मात्र कालपरवाच्या कोणत्याही गिटारीत असते तेच सामान निघाले. म्हातारपण सगळे कातडीवरच होते.

तेव्हापासून मनात असलेला प्रश्न येथे मांडतो. ज्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारी बंद पडल्या, त्यांपैकी कोणत्या खरोखर पुन्हा निघण्याच्या योग्यतेच्या आहेत? फेंडर या अमेरिकन कंपनीच्या टेलिकास्टर-स्ट्रॅटोकास्टर गिटारींना मत देण्याचे कारण नाही. 1952, 1957 आणि 1962 या वर्षांच्या घडणी कंपनीने 1982 मध्ये पुन्हा बाजारात आणल्या आणि तेव्हापासून तो व्यवहार चालूच आहे. गिब्सनच्या लेस पॉलचेही तेच. 1961 च्या सुमारास कंपनीने तिचा आकार बदलून आज आपण जिला एसजी म्हणतो ती गिटार काढली, पण तरुण वादक जुन्या लेस पॉल शोधशोधून वाजवू लागले, म्हणून 1968 मध्ये जुने रूप परत आणावे लागले. माझा प्रश्न आहे तो ज्यांची पुरती परीक्षाच झाली नाही त्यांच्याविषयी.

माझे मत गिब्सनच्या 1973 च्या एल सिक्स एस या गिटारीला. बिल लॉरेन्स यांनी आखलेली ही गिटार दिसायला चपटी आणि साधी, अंग मेपलचे, फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या 24. खरे वैशिष्ट्य म्हणजे तिच्यावरील सहा घरांचा फिरता स्विच. दोन हंबकर (तारांचे कंपन विजेत बदलणारे, घूं आवाज दाबणारे दोन कॉइलचे पिकअप) एकामागे एक जोडायचे, शेजारी शेजारी जोडायचे की परस्परांच्या विरुद्ध दिशेने, हे त्या एका खुंटीवर ठरत असे. शिवाय मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज कमी करण्यासाठी वेगवेगळ्या खुंट्या होत्या. काही काळ प्रसिद्ध गिटारवादक कार्लोस सांताना यांच्या हातीही ती दिसली, तरी ती फार चालली नाही. 2011 च्या सुमारास तिची नवी आवृत्ती निघाली, तीही लवकरच दिसेनाशी झाली. मुंबईहून आलेल्या एका पाहुण्या वादकाची अशी गिटार मला दोन संध्याकाळी वाजवायला मिळाली होती. आम्हा वाद्यवृंदवाल्यांना एका बैठकीत चाळीस गाणी वाजवावी लागतात. एकात मेंडोलिनच्या जवळ जाणारा पातळ ठेका, लगेच दुसऱ्यात जाड, भरलेला मुखडा. त्या दोन संध्याकाळी मला दुसऱ्या गिटारीची आठवण झाली नाही.

आपणही आपले मत द्यावे. फक्त त्या गिटारीतील काय परत यावे हे अवश्य सांगावे, कारण नुसता आकार परत येण्याने काय होते ते मी पाहिले आहे.

डाख आणि तार, इंदूर

रामबागकरजी, आपला प्रश्न माझ्या कामाच्या टेबलावरचाच आहे. जेल रोडच्या मागच्या गल्लीत माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. तेथे अ‍ॅम्प्लिफायर अधिक येतात, गिटारी कमी. माझे मत फेंडरच्या 1976 च्या स्टारकास्टरला, पण खरे म्हणजे तिच्यातील पिकअपला, आणि त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगणे भाग आहे.

हंबकर पिकअपचे जनक सेथ लव्हर हे मुळात गिब्सनचे. 1955 मध्ये त्यांनी त्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे 1967 मध्ये ते फेंडरमध्ये गेले आणि तेथे त्यांना हंबकरच बनवायला सांगण्यात आले, मात्र त्याचा आवाज फेंडरसारखा खणखणीत असावा अशी अपेक्षा होती. साध्या हंबकरमध्ये खाली एक आडवी चुंबकपट्टी असते आणि वर दिसणारे स्क्रू केवळ लोखंडाचे असतात. ते पट्टीचे चुंबकत्व तारांपर्यंत पोहोचवतात, स्वतः चुंबक नसतात. फेंडरच्या सिंगल कॉइलमध्ये, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये, याउलट प्रत्येक तारेखाली चुंबकाची स्वतंत्र कांडी असते आणि आवाजातील ती धार बऱ्याच अंशी तेथून येते. लव्हर यांना दोन्ही हवे होते, म्हणजे प्रत्येक तारेखाली स्वतंत्र चुंबक आणि तो वर-खाली करता यावा म्हणून त्याला आटे. नेहमीच्या अल्निको चुंबकाला आटे पाडता येत नाहीत, तो ठिसूळ असतो. म्हणून त्यांनी तांबे, निकेल आणि लोह यांचा क्युनिफे हा मिश्रधातू घेतला. तो इतका लवचीक असतो की त्याची तार ओढता येते आणि स्क्रूही पाडता येतो. अशा रीतीने स्क्रू हाच चुंबक झाला. हाच तो वाइड रेंज हंबकर. तो 1972 च्या टेलिकास्टर थिनलाइनवर बसला, नंतर टेलिकास्टर कस्टम आणि डिलक्सवर, आणि मग स्टारकास्टरवर.

क्युनिफेचा मोठा उपयोग गाड्यांच्या वेगमापकांत आणि तशा उपकरणांत होत असे. ती उपकरणे बदलली, मागणी संपली आणि धातू मिळेनासा झाला. गिटारवाल्यांच्या गरजेपुरता तो कोण ओतणार? त्यामुळे पुढे कित्येक वर्षे या गिटारींच्या ज्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत वरचे मोठे झाकण आणि तिरप्या रांगेतील स्क्रू तसेच राहिले, पण आत चुंबकपट्टीचा साधा हंबकर बसला. 2013 ची स्टारकास्टर आली तीही क्युनिफेशिवायच. 2020 मध्ये फेंडरने तो धातू पुन्हा मिळवून तसे पिकअप काढले, तेव्हा कुठे मूळ आवाजाला हात लागला.

म्हणून माझे म्हणणे असे की, स्टारकास्टर पुन्हा निघावी ती त्या पिकअपसह आणि 1 मेगओमच्या पॉटसह, म्हणजे आवाजाच्या खुंटीमागील बदलत्या रोधकासह. ही दुसरी गोष्ट फारसे कोणी बोलत नाही. त्या काळच्या वाइड रेंज गिटारींत 1 मेगओमचे पॉट असत. तेथे 250 किलोओमचे लावले की वरचे स्वर गोधडीखाली गेल्यासारखे बुजतात. ज्यांच्याकडे अशा घडणीची गिटार आहे त्यांनी पिकअप बदलण्याआधी पॉट बदलून पाहावा. खर्च किरकोळ आहे आणि अर्ध्या तासाचे काम आहे.

पितळी फ्रेट, इंदूर

दोघांची मते वाचली. माझे मत कोणत्याही गिटारीला नाही.

कारण लाकूड. पन्नासच्या दशकातील ज्या गिटारींची एवढी पूजा चालते, त्यांतील गिब्सनच्या बऱ्याच गिटारींच्या फ्रेटबोर्डाला, म्हणजे मानेवरच्या फ्रेट बसवलेल्या पट्टीला, ब्राझीलचे रोझवुड होते. त्या झाडाची अवस्था अशी की 1992 पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद आहे. त्याच्या जागी जगभर जे लाकूड गेले ते आपले शिसवी, ज्याचे कपाट आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी असेल. 2 जानेवारी 2017 पासून शिसवीसह त्या कुळातील सर्वच लाकडांवर परवान्याचे बंधन आले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे 1959 ची हुबेहूब गिटार म्हणून जी विकली जाते तिचा फ्रेटबोर्ड दुसऱ्याच खंडातला असतो. आपल्याकडचे लाकूड बोटीने अमेरिकेत जायचे, तेथे त्यावर फ्रेट बसायचे, मग आयात शुल्क आणि जहाजभाडे भरून ते आपण घरी परत आणायचे आणि त्याला जुनेपणाचे मोल द्यायचे, हा व्यवहार मला पटत नाही. कंपन्यांनी जुन्या सर्किटांचे नकाशे प्रसिद्ध करावेत, पिकअप सुटे विकावेत. अंग आणि मान आपले सुतार घडवतील.

नादलुब्ध, इंदूर

मंडळी, आपल्या चर्चेत सगळ्या गिटारी गळ्यात अडकवून वाजवायच्या आहेत. मी 76 वर्षांचा आहे, माझी गिटार मांडीवर आडवी असते, आणि बाजारात रुळलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारही मांडीवरचीच होती याची आठवण करून द्यावी म्हणून हे लिहीत आहे.

जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये 1931 साली तिचा लाकडी नमुना केला आणि 1932 पासून ओतीव अ‍ॅल्युमिनियमची गिटार विकायला काढली. गोल अंग आणि लांब मान, म्हणून लोकांनी तिला फ्राइंग पॅन म्हणजे तळणीचे नाव दिले. तिचे पेटंट 1937 मध्ये मिळाले. तिचा पिकअप नुसता तारांखाली नव्हता. नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांना वरून कवेत घेत आणि तारा त्यांच्यामधून जात. त्या गिटारीत एक खोट मात्र होती. मंचावरील दिव्यांच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम प्रसरण पावे आणि सूर हलत. त्यावर उपाय म्हणून 1935 मध्ये बेकेलाइटची घडण आली, आणि माझे मत तिला आहे. ज्यांनी वैशाखात इंदुरातील एखाद्या लग्नाच्या मांडवात, हॅलोजनच्या दिव्याखाली बसून साथ केली आहे, त्यांना मी बेकेलाइट का मागतो हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हे वाद्य हवाईन गिटार म्हणून आले आणि इतके रुळले की एका पिढीला गिटार म्हणजे तेच वाटे. रेडिओवर सिनेमाची गाणी त्या वाद्यावर वाजत; दुपारी जेवणे आटोपली की आमच्या नारायण बागेतील घरी तेच सूर ऐकू येत. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर रागसंगीत आणले. 1967 मध्ये पंडित शिवकुमार शर्मांचे संतूर आणि पंडित हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची जी ध्वनिमुद्रिका निघाली, ती मी झिजेपर्यंत ऐकली. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या या शहरात वाढलेल्या कानाला विलंबितातील मींड हवी असते आणि फ्रेटवर बोट दाबून ती एका मर्यादेपलीकडे येत नाही. स्टील बार मात्र तारेवरून सरकत सरकत एका सुरातून दुसऱ्यात नेतो, मधली एकही श्रुती सुटत नाही. त्यासाठी स्वर लांबवर टिकला पाहिजे, आणि जड, न थरथरणाऱ्या अंगात तो टिकतो. माझी गिटार कलकत्त्याची, पोकळ लाकडाची, भोकावर पिकअप स्क्रूने बसवलेला. स्वर गोड आहे, पण आवाज वाढवला की पेटी घुमू लागते आणि मींड अर्ध्यावर असतानाच शिट्टी वाजते.

पितळी फ्रेट यांच्या तक्रारीतून मी मागतो ती बेकेलाइटची गिटार सुटते, कारण तिच्यात लाकूडच नाही. डाख आणि तार यांना विचारतो: तो नालेचा पिकअप आज येथे बनवता येईल काय?

मांडवीकर, वडोदरा

नमस्कार. मी वडोद्याची, बारा वर्षांपासून नवरात्रात गरब्याच्या मंचावर गिटार वाजवते. रामबागकरसाहेबांची चाळीस गाण्यांची अडचण मला समजते, पण आमची निराळी आहे. आमच्याकडे गाणी थांबतच नाहीत. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ताल न सोडता जायचे असते. त्या वेळी खाली वाकून सहा घरांच्या खुंटीचे कोणते घर लागले आहे हे पाहायला सवड नसते. शिवाय मंचामागे जनरेटर, डोक्यावर डिमरवरचे दिवे आणि शेजारी कीबोर्डवाल्यांच्या वायरींचे जाळे. सिंगल कॉइल लावले की देवीच्या आरतीतसुद्धा घूंऽऽ असा आवाज चालूच.

म्हणून माझे मत पीव्हीच्या टी सिक्स्टी या गिटारीला. ती 1978 मध्ये मिसिसिपीतील मेरिडियन येथे हार्टली पीव्ही आणि चिप टॉड यांनी काढली. बंदुकीचे लाकडी दस्ते यंत्रावर एकसारखे कोरले जातात हे पाहून पीव्ही यांना सुचले की गिटारीचे अंग आणि मानही तशीच कोरता येईल. आज जवळपास सगळेच कारखाने करतात ते काम त्यांनी तेव्हा सुरू केले. तिची टोनची खुंटी मात्र नंतर फारशी कोणी उचलली नाही याचे मला आश्चर्य वाटते. खुंटी पूर्ण 10 वर असेल तेव्हा पिकअपची एकच कॉइल चालू असते, म्हणजे पातळ, धारदार आवाज. 10 वरून 7 कडे येताना दुसरी कॉइल हळूहळू मिसळत जाते आणि 7 वर पुरता हंबकर होतो. त्याखाली ती नेहमीच्या टोनसारखी काम करते. मधल्या जागेत, साडेआठच्या आसपास, धार बरीचशी राहते आणि घुमणे सोसण्याइतके उतरते. ही जागा करंगळीने चालू गाण्यात सापडते, मान वाकवावी लागत नाही. दोन्ही पिकअप एकत्र असताना त्यांची दिशा उलटवणारा एक छोटा स्विचही आहे.

तिचे वजन मात्र परत येऊ नये. एका परिचितांकडची टी सिक्स्टी मी दोन रात्री वाजवली आणि तिसऱ्या दिवशी खांद्यावर शेक घ्यावा लागला. सर्किट तेच आणि अंग हलके, अशी निघाली तर घेईन.

याच संदर्भात गिब्सनच्या 1977 च्या आरडी आर्टिस्टचा उल्लेख करते. त्या काळी गिब्सन आणि सिंथेसायझरवाली मोग या दोन्ही कंपन्या नॉर्लिनच्या मालकीच्या होत्या, म्हणून मोगकडून तयार झालेले, बॅटरीवर चालणारे सर्किट त्या गिटारीत बसवले गेले. आवाज दाबणे किंवा फुलवणे गिटारीतच होई. कल्पना मोठी, पण 9 व्होल्टची बॅटरी अष्टमीच्या रात्री मंचावर संपली तर काय, या एका विचाराने मी तिला मत देत नाही.

रामबागकर, इंदूर

मांडवीकरताई, आपल्या पत्राने माझ्या मताला खिंडार पडले. सहा घरांच्या खुंटीवर घर चुकते हे मी लिहायचे टाळले होते. त्या दोन संध्याकाळींपैकी दुसऱ्या दिवशी एका अंगाईला मी उलट्या जोडणीचा किरकिरा आवाज लावून बसलो आणि गायिकेने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अद्याप आठवते. आवाजांची संख्या माझ्या गिटारीत अधिक आहे, हाताला सापडण्याची सोय आपल्या गिटारीत. चालत्या कार्यक्रमात दुसरी गोष्ट मोठी, हे मान्य. तरीही ध्वनिमुद्रणासाठी मी एल सिक्स एस सोडणार नाही.

पितळी फ्रेट, आपले लाकडाचे म्हणणे खरे आहे, पण त्यामुळे गिटारी पुन्हा निघू नयेत असे ठरत नाही. फार तर 1959 हा आकडा त्यांच्यावर छापू नये एवढे ठरते. एल सिक्स एस तर मेपलची होती.

पितळी फ्रेट, इंदूर

आकडा छापणार नसाल तर माझी हरकत उरत नाही. तरीही पिकअप सुटे विकावेत ही मागणी कायम आहे.

डाख आणि तार, इंदूर

काका, उत्तराला उशीर झाला. नालेच्या पिकअपमध्ये कॉइल गुंडाळणे अवघड नाही, ते मी करीन. अवघड आहे तो चुंबक. मूळचे चुंबक पोलादी पट्टी वाकवून केलेले असत आणि ते रुंदही होते, युद्धापूर्वी दीड इंच, नंतर सव्वा इंच. तशी पट्टी वाकवून आणता येईल, पण ती पुरेशी चुंबकित करण्याचे यंत्र माझ्याकडे नाही. दुसरा मार्ग असा की कॉइलच्या दोन्ही बाजूंना सरळ अल्निको पट्ट्या ठेवायच्या आणि तारांवरची कमान साध्या लोखंडाची करायची. चुंबकरेषा कमानीतून फिरून तारांवर वरूनही येतील. मुळाइतक्या येतील असे मी म्हणत नाही. एक अडचण आधीच सांगतो, की त्या कमानीमुळे उजव्या हाताला तेथे आघात करता येत नाही, म्हणून आपल्या हाताची नेहमीची जागा पाहून ती बसवावी लागेल.

आणि पोकळ पेटीवर हे बसवून उपयोग नाही, शिट्टी तशीच वाजेल. बेकेलाइट आता कोण ओतणार. पण स्विचगिअरच्या दुकानांत हायलम नावाची कागद आणि रेझिनची जाड पाटी मिळते, ती त्याच कुळातली आहे, जडही आहे. दोन पाट्या एकावर एक जोडून अंग कापता येईल. सुरुवात म्हणून आपल्या गिटारीच्या ब्रिजपाशी, म्हणजे अंगावर तारा टेकतात तेथे, पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचे अंतर मोजून कळवावे, आणि नटपासून (मानेच्या टोकाला तारा टेकतात तेथून) ब्रिजपर्यंतची लांबीही.

नादलुब्ध, इंदूर

ब्रिजपाशी 56 मिलिमीटर. लांबी साडेबावीस इंच, दोनदा मोजली. माझा उजवा हात ब्रिजपासून चार बोटांवर पडतो, तेव्हा कमान त्याच्या मागे बसवावी.